मीटरचं तोंड कुणीकडे?

दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की आपल्या कॉलेजात एक प्रोजेक्ट हमखास दिसतो. प्लायवूडचा तुकडा, त्यावर दोन बल्ब होल्डर, एक टेबलफॅन, मधे सर्किट आणि वर थर्माकोलच्या अक्षरांत 'स्मार्ट एनर्जी मीटर'. एक्स्टर्नल येतात. आपण बल्ब लावून दाखवतो, मोबाईलवर आकडा उड्या मारतो. एक्स्टर्नल विचारतात, "याचा सोसायटीला उपयोग काय?" आणि आपण पाठ केलेलं म्हणून दाखवतो, "सर, विजेची बचत होते." चहा, बिस्किट, मार्क. पुढच्या वर्षी ज्युनिअर तेच प्लायवूड झाडून-पुसून पुन्हा आणतात.

मीही हाच प्रोजेक्ट केला. फरक एवढाच की व्हायवा झाल्यावर तो लॅबच्या कपाटावर न चढवता मी घरी, राहनाळला नेला. तिथे त्याने जे दाखवलं त्यावरून माझं आणि आईचं भांडण झालं. त्या भांडणात मी हरलो, आणि हरलो ते बरं झालं असं आता वाटतं. होस्टेलमध्ये सध्या खोल्याखोल्यांत सेन्सर बसवायची जी चर्चा चालू आहे, तिचा या भांडणाशी सरळ संबंध आहे. म्हणून हा लेख.

ज्यांना राहनाळ माहीत नाही (म्हणजे आपल्या विंगमधल्या सगळ्यांना) त्यांच्यासाठी सांगतो. ठाण्याहून भिवंडीला जाताना कशेळी, काल्हेर, पूर्णा मागे पडलं की अंजूरफाट्याच्या जवळ आमचं गाव लागतं. गाव म्हणायचं, पण एकीकडे गोडाऊनच्या रांगा आणि दुसरीकडे मागाचे पत्र्याचे कारखाने. आमच्या घराची भिंत वर्षानुवर्षं मागांच्या खडखडाटाने थरथरायची. पाहुणे आले की त्यांना झोप लागत नसे आणि वीज गेली की आम्हाला लागत नसे, इतकी त्या आवाजाची सवय. बाबा कारखान्यात जॉबर. म्हणजे माग बिघडला की नीट करणारा माणूस. इंजिनिअर घरात आधीपासून होता, फक्त डिग्री नव्हती.

आधी यंत्राबद्दल थोडं. मीटरला आणि त्याच्या सीलला हात लावायचा नाही, हे पहिलं. ओळखीच्या वायरमनकाकांना बोलावून घरातल्या मेन स्विचनंतरच्या फेजच्या वायरीभोवती चिमट्यासारखं कडं, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, बसवून घेतला. दुसऱ्या बाजूने व्होल्टेज मोजलं. हे दुसरं काम बरेच प्रोजेक्टवाले करत नाहीत. नुसता करंट मोजतात, २३० ने गुणतात आणि त्याला वॉट म्हणतात. ते वॉट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर. बल्बवर हिशोब जुळतो, पंखा नि फ्रीज लावला की चुकतो, कारण तिथे पॉवर फॅक्टर आडवा येतो. डेमोला आपण बल्बच का आणतो, हे आता उघड करायला हरकत नाही.

बाकी मग सोपं. दर काही सेकंदांनी आकडा घ्यायचा, वायफायवरून पाठवायचा आणि होस्टेलच्या कॉटवर पडून मोबाईलवर घराचा ग्राफ बघायचा. सगळं मिळून खर्च चार-पाच पिक्चरच्या तिकिटांइतका.

पहिल्या आठवड्यात मी स्वतःवरच खूष होतो. आमचं बिल महिन्याला १७५ युनिटच्या आसपास यायचं. आईचा संशय टीव्हीवर होता, बाबांचा माझ्या लॅपटॉपवर. ग्राफने दोघांना निर्दोष सोडलं. खरे खाणारे दोघे निघाले. एक म्हणजे पंखे. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो. आकडा लहान वाटतो, पण आमच्याकडे दोन पंखे मिळून रोज छत्तीस तास चालतात. म्हणजे दिवसाला २.७ युनिट, महिन्याला ८० च्या वर. शिवाय जुना डब्याएवढा रेग्युलेटर. त्यात पंखा हळू केला की आपल्याला वाटतं वीज वाचली. वाचते ती थोडीच, उरलेली रेग्युलेटर तापवण्यात जाते. दुसरा चोर फ्रीज. रात्री कोणी दार उघडत नसतानाही त्याचा कॉम्प्रेसर तासातली चाळीस मिनिटं चालू. दाराचं रबर वरच्या कोपऱ्यात सुटलं होतं. कागद दारात धरून ओढला तर सहज निघून येई. रबर बदललं, दिवसाला अर्धा-पाऊण युनिट कमी.

दोन पंखे बीएलडीसीचे घेतले. त्यांत कायमचे चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असतो, तेवढ्याच वाऱ्याला ३० वॉटच्या आसपास पुरतात. दोन पंख्यांमागे महिन्याला ४८ युनिट वाचतात. गुणाकार करून बघा.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० ला त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे १७५ वरून १०० वर येणं म्हणजे सगळी महाग युनिटं कापून टाकणं. वाचलेलं प्रत्येक युनिट महागातलंच असतं. बिलाच्या मागच्या बाजूला हा हिशोब बारीक अक्षरांत दिलेला असतो, पण तो महिना संपल्यावर हातात येतो. तेव्हा कळून काय उपयोग? सेन्सरचा खरा फायदा मला तरी एवढाच दिसला. शंभर ओलांडायच्या आधी कळतं. बाकी वाचवतो तो पंखा आणि ते रबर. सेन्सर स्वतः काही वाचवत नाही, उलट स्वतःच रात्रंदिवस वॉटभर खातो.

आता भांडण.

ग्राफ बघायची सवय लागली. लेक्चरला, मेसच्या रांगेत, रात्री झोपताना. थोड्याच दिवसांत मला पायऱ्या वाचता यायला लागल्या. २० वॉटची पायरी म्हणजे स्वयंपाकघरातली ट्यूब. साठची टीव्ही. उंच सुळका काढून खाली बसतो तो फ्रीज. पंख्याचं तर किती नंबरवर आहे तेही कळायचं. एका कड्यातून अख्खं घर दिसत होतं.

मग एक गोष्ट खटकली. रोज पहाटे तीनच्या सुमारास स्वयंपाकघरातली ट्यूब लागायची. अर्ध्या-पाऊण तासाने बंद. आणि आतल्या खोलीतला पंखा सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत सलग. त्या वेळी त्या खोलीत कोणी नसतं. बाबा कारखान्यात, आई बाहेरच्या खोलीत. रविवारी मात्र असं काही नाही. मला वाटलं कॅलिब्रेशन चुकलं. दोन दिवस कोड तपासला. कोड बरोबर होता.

शेवटी फोन केला. "आई, तू रात्री तीनला उठून काय करतेस?"

ती गप्प. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ग्राफवर दिसतं."

"म्हणजे मी कधी उठते-बसते ते तू तिकडे बसून बघतोस?"

"आई, मी वीज बघतोय."

"वीज बघतोयस की मला बघतोयस?"

बाबांचा कारखाना बंद होऊन तीन महिने झाले होते. शेठने माग भंगारात घातले. भिवंडीत हे नवीन नाही. २०१६ च्या नोटबंदीनंतर नि २०१७ च्या जीएसटीनंतर किती कारखान्यांचे माग किलोवर गेले ते आमच्याकडे कुणालाही विचारा. बाबा एका गोडाऊनवर रात्रपाळीला लागले होते. तीनला सुटायचे, आई उठून जेवण गरम करून वाढायची, सकाळी सातला बाबा झोपायचे. मला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. शेवटचं वर्ष आहे, पोरगं अभ्यास सोडून नोकरी शोधत बसेल. त्यांनी माझ्यापासून तीन महिने सांभाळलेली गोष्ट माझ्या प्रोजेक्टने तीन आठवड्यांत फोडली.

दोन दिवसांनी ग्राफ सपाट झाला. आईने अडॅप्टर उपटून, सगळं पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं होतं.

मी आधी चिडलो. डेटा तुटला, रिपोर्टला लागणारे तीस दिवस पूर्ण झाले नव्हते, वगैरे. नंतर लायब्ररीत प्रोजेक्ट रिपोर्टचा 'लिटरेचर सर्व्हे' लिहायला बसलो तेव्हा ओशाळलो. (हा भाग आपण सगळेच मागच्या बॅचच्या रिपोर्टमधून उतरवतो. या वेळी खरंच वाचलं.) एकाच जागी मोजून घरातलं कोणतं उपकरण चालू आहे ते ओळखायची ही युक्ती एमआयटीत १९८० च्या दशकात जॉर्ज हार्ट यांनी विकसित केली. १९९२ चा त्यांचा पेपर आजही सगळे उद्धृत करतात. पण त्याच्याही आधी, १९८९ साली, याच हार्ट यांनी आयईईईच्या एका मासिकात लिहिलं होतं की या पद्धतीने माणसांवर पाळत ठेवता येते आणि घरातल्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. ज्याने युक्ती शोधली त्यानेच धोका सांगून ठेवला होता. माझ्या आईला तो सांगायला पेपर लागला नाही.

सुट्टीत घरी गेलो. बाबा त्या विषयावर काही बोलले नाहीत, "जेवून घे" एवढंच म्हणाले. आईशी मात्र वाटाघाटी झाल्या. तिचं म्हणणं सरळ होतं. पंखे बदलले ते चांगलं केलंस, फ्रीजचं पण. पण तुझ्या मोबाईलला कळून मला काय? बिल मी भरते, बटणं मी बंद करते. मला दिसेल असं काहीतरी लाव, नाहीतर राहू दे माळ्यावर.

तर आता तो सेन्सर पुन्हा बसलाय, पण वायफाय काढून. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याखाली दोन ओळींचा डिस्प्ले आहे. वरच्या ओळीत आजचे युनिट, खालच्या ओळीत रीडिंगच्या तारखेपासूनचे युनिट. बस्स. घराबाहेर काही जात नाही. मला होस्टेलमध्ये काही दिसत नाही. आणि गंमत म्हणजे बचत ग्राफच्या दिवसांपेक्षा आता जास्त होते, कारण जिच्या हातात बटणं आहेत तिला आकडा दिसतो. हे आमच्याच घरचं नाही. ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. जिथे घरातल्या घरात, लगेच आकडा दिसतो तिथे बचत साधारण ५ ते १५ टक्के. जिथे नंतर बिलावर माहिती छापून येते तिथे शून्य ते १०. म्हणजे बचतीला लागतो तो नजरेसमोरचा आकडा. क्लाऊड, सर्व्हर, अॅप, लॉगिन यांशिवायही ते काम होतं. हे सगळं आपण प्रोजेक्टमध्ये घालतो ते मार्कांसाठी.

इथे माझ्या रूमपार्टनरने आक्षेप घेतला, तो लिहायलाच हवा. तो म्हणतो, "तुम्ही भिवंडीवाल्यांनी प्रायव्हसीवर बोलावं? तुमच्याकडे आकडे टाकायचे लोक." टाकायचे, नाकारत नाही. २००७ च्या आधी भिवंडीत येणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून जास्त विजेचे पैसे वसूलच होत नव्हते. ट्रान्सफॉर्मर जळणं रोजचं. नीट चालणारे मीटर थोडे. बाबा सांगतात, भारनियमनाच्या दिवसांत कारखान्यात माणसं वीज यायची वाट बघत मागाशेजारीच झोपायची. २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने भिवंडीतलं वीज वाटप टोरंट पॉवर कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून दिलं. देशातला असा तो पहिलाच प्रयोग. मीटर बदलले, ट्रान्सफॉर्मर वाढले, वायरी बदलल्या, आणि काही वर्षांत ती गळती २० टक्क्यांच्या आसपास आली. मोर्चेही निघाले. नवीन मीटर पळतो, ही तक्रार तेव्हापासूनची. यातलं कोण किती खरं, हे ठरवायला मी हा लेख लिहीत नाही. पण एक नक्की. भिवंडीच्या माणसाच्या डोक्यात मीटर म्हणजे 'त्यांचा' डोळा, हे तेव्हापासून पक्कं बसलंय. मीटर आपल्यालाही काही सांगू शकतो, हे त्याला कुणी दाखवलंच नाही.

आणि चोरी पकडायला घराघरात बघावं लागतं हेही खरं नाही. आपण इलेक्ट्रिकलवाले आहोत, आपल्याला हे कळायला हवं. ट्रान्सफॉर्मरवर एक मीटर लावा. त्यातून किती गेलं ते पाहा, त्याखालच्या सगळ्या मीटरांची बेरीज करा. फरक तेवढी गळती. कुठल्या गल्लीत आहे ते कळतं. महिन्याच्या आकड्यावरही हे जमतं. आई पहाटे तीनला ट्यूब लावते की चारला, याची त्या हिशोबात काही गरज नाही.

सरकारी स्मार्ट मीटरच्या वादातही हीच गोम आहे असं मला वाटतं. २०२१ साली केंद्राने २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट ठेवलं. महाराष्ट्रात विरोध झाला. जून २०२४ मध्ये, तेव्हा ऊर्जा खातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे हे मीटर बसवणार नाही असं जाहीर केलं. २०२५ मध्ये टीओडी मीटर या नावाने, प्रीपेड नाही असं सांगत, नवे मीटर बसायला लागले. या सगळ्या गदारोळात लोक बोलत होते ते पैशांबद्दल. रिचार्ज संपला तर काय, बिल वाढलं तर काय. चुकीचं नाही. पण हा मीटर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने नोंद ठेवतो, ती कुणाची, हा प्रश्न मागेच राहिला. अर्ध्या तासाच्या आकड्यांत ट्यूबची पायरी कदाचित दिसणार नाही. पण घरात दिवसा कोणी झोपतंय, घर चार दिवस बंद आहे, एवढं नक्की दिसेल.

नेदरलँड्समध्ये हाच मुद्दा २००९ मध्ये त्यांच्या वरिष्ठ सभागृहात निघाला आणि सक्तीचा कायदा अडला. पुढे ग्राहकाला नाही म्हणायची सोय ठेवून तो दुरुस्त करावा लागला. आपल्याकडेही अगदीच काही नाही असं नाही. वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० यांत २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार स्मार्ट मीटरचं रीडिंग दिवसातून निदान एकदा दुरून घ्यायचं आणि तो डेटा ग्राहकालाही द्यायचा. २०२४ च्या दुरुस्तीत आणखी चांगली तरतूद आली. मीटर चुकतोय अशी तक्रार केली तर पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्ही ताडून बघायचे. 'मीटर पळतो' या वीस वर्षांच्या भांडणावर याहून सरळ उपाय मला सुचत नाही. आमच्या गल्लीत हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा शेजारच्या काकांनी दोनदा वाचून घेतलं.

सेन्सर उलट्या बाजूलाही बघू शकतो, हे मला पुण्याच्या प्रयास संस्थेच्या कामावरून कळलं. त्यांनी एक साधं यंत्र केलं. घरातल्या प्लगला लावायचं, ते दर मिनिटाला व्होल्टेज नोंदवतं आणि मोबाईल नेटवर्कवरून पाठवतं. वीज कधी गेली, कधी आली, व्होल्टेज किती पडलं, सगळी नोंद. देशभरात काही शे ठिकाणी, खेड्यांत आणि शहरांत, ही यंत्रं लावून त्यांनी आकडे सगळ्यांसाठी खुले केले. बघा, सेन्सर तोच. पण ग्राहक काय करतो ते मोजण्याऐवजी ग्राहकाला काय मिळतं ते मोजतो. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये ठरलेल्या दर्जाची सेवा मिळाली नाही तर ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. पण भरपाई मागायला नोंद लागते, आणि नोंद आजवर फक्त एकाच बाजूकडे असायची. मी आता घरच्या सेन्सरमध्ये व्होल्टेज साठवतो. अजून काही मोठं सापडलेलं नाही. सापडावं अशी इच्छाही नाही. पण आहे.

आता होस्टेल.

ऐकतो ते असं. प्रत्येक खोलीत सेन्सर, लोड ठरावीक वॉटच्या वर गेला की लाईट आपोआप बंद, आणि कुठल्या खोलीने किती वेळा 'गुन्हा' केला ते रेक्टर सरांच्या ऑफिसात स्क्रीनवर. उद्देश कॉइल पकडणे. कॉइलची बाजू मी घेणार नाही. बादलीत दीड हजार वॉटचा रॉड सोडून, वायरीची उघडी टोकं आगपेटीच्या काड्या खुपसून सॉकेटात बसवणारे वीर मी पाहिलेत. एखाद्या दिवशी कुणीतरी मरेल. त्यासाठी लोड तोडणारं यंत्र बसवा, अर्थिंग तपासा, ईएलसीबी बसवा, आमची ना नाही. पण तोडायला नोंद ठेवावी लागत नाही. फ्यूज कधी रजिस्टर लिहीत नाही. पोरगं रात्री कितीला झोपतं, खोलीत कोण कधी असतं, कोण परीक्षेच्या रात्री जागतं नि कोण नाही, हे ऑफिसच्या स्क्रीनवर कशाला? मी माझ्या घराचा ग्राफ बघितलाय, म्हणून सांगतो. बघणाऱ्याचा हेतू वाईट असावा लागत नाही. माझा नव्हता. तरी तीन आठवड्यांत मला जे कळायला नको होतं ते कळलं.

त्याऐवजी मजल्यामागे एक सेन्सर लावा. चार मजले, चार डिस्प्ले, मेसच्या दारात. कुठल्या मजल्याने आज किती जाळलं ते जाता-येता सगळ्यांना दिसेल. खोलीचं नाव नाही, पोराचं नाव नाही. बिनकामाचे चालू राहणारे पॅसेजचे लाईट कुणाचे, हे पहिल्याच आठवड्यात कळेल. आणि माझी पैज आहे, ते आमचे निघणार नाहीत.

दुसरं, सेन्सरचं तोंड जरा गच्चीकडेही वळवा. पोरं कॉइल का लावतात? सोलरचं गरम पाणी साडेसहाला संपतं म्हणून. आधी त्या टाकीला एक थर्मामीटर लावा, त्याचा आकडाही मेसच्या दारात दाखवा. डिसेंबरात सकाळी सात वाजता टाकीत किती डिग्री पाणी आहे ते सगळ्यांना दिसू दे. मग खोलीतल्या दीड हजार वॉटवर बोलू. हा सेन्सर तर पन्नास-साठ रुपयांत येतो, थर्ड इयरची पोरं एका दुपारी बसवून देतील. मी शिकवायला तयार आहे. सबमिशन झाल्यावर.

परवा आईचा फोन होता. कॅलेंडरवर ती रोज रात्री पेन्सिलीने आकडा लिहिते. रीडिंगला पाच दिवस बाकी होते आणि खालच्या ओळीत ८३ होते. खूष होती. बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या होस्टेलात किती होतात रे महिन्याला युनिट?"

चार वर्षं राहतोय इथे, मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं. काउंटरवरचे काका म्हणाले, बिल परस्पर अकाउंट्सला जातं, हवं असेल तर अर्ज कर. अर्ज दिलाय. मागच्या बारा महिन्यांचे युनिट मागितलेत. मिळाले की नोटीस बोर्डावर लावीन.